रक्त कुठलं, हे पाहिलं कोणी?



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यापासून कांद्याच्या भावापर्यंत बरंच काही बोललं गेलं आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून यंदाचं एक पुष्प वैद्यकाला मिळालं. विषय मात्र माझा हट्ट आहे. पत्रिकेवर मूळव्याधीचं नाव छापायचं म्हटल्यावर समितीत थोडी चुळबुळ झाली, कोणी ‘आरोग्य आणि आपण’ असं सोज्वळ शीर्षकही सुचवलं. पण त्या चुळबुळीसाठीच तर हा विषय घ्यायचा. साखर असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत मोठ्याने सांगतो, ‘मला शुगर आहे, जिलबी नको.’ संडासला रक्त जाणारा माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही. शाळेतही पचनसंस्थेचा धडा तोंडापासून जोमात सुरू होतो आणि मोठ्या आतड्यापाशी येईतो घंटा होते.

मी तालुक्याच्या गावातला सर्जन. इतर दुखण्यांचे लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. मूळव्याधीचे लोक निदान घेऊन येतात. ‘डॉक्टर, मूळव्याध आहे, गोळी लिहून द्या.’ कोणी सांगितलं? मेडिकलवाल्याने सांगितलं, मेहुण्याला असंच होत होतं, वडिलांनाही होती. किती दिवसांपासून? ‘असतील चार-सहा वर्षं, अधूनमधून पडतं, उष्णतेनं वाढतं.’ आणि या चार-सहा वर्षांत त्या जागी कोणी पाहिलं का? नाही. आज मला जे सांगायचं आहे ते या ‘नाही’बद्दल आहे. गंमत अशी की घरबसल्या केलेलं हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. दहा जणांचं बरोबर निघालेलं पाहून अकरावा निर्धास्त राहतो, आणि नेमकं त्याचं वेगळं असतं.

मूळव्याध म्हणजे बाहेरून आलेलं काही नाही. गुदद्वाराच्या थोडं आत, अस्तराखाली, रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. इथे बसलेल्या सगळ्यांना आहेत. नळाच्या वॉशरसारख्या त्या एकमेकींवर दाबून बसतात, म्हणून वारा आणि पातळ मळ चारचौघांत धरून ठेवता येतो. १९७५ साली थॉमसन नावाच्या ब्रिटिश सर्जनने हे नीट मांडलं, तोवर हा शिरांचा फुगवटा आहे अशीच सर्वसाधारण समजूत होती. या गाद्यांना जागेवर धरणारे तंतू वयाने, कुंथण्याने, गर्भारपणात सैल होतात. मग गादी खाली घसरते, कडक मळ तिच्यावर घासतो आणि ती रक्त सोडते. हीच पुढे मोड होऊन बाहेर डोकावते: आधी आपली आपण आत जाते, मग बोटाने ढकलावी लागते, शेवटी जातच नाही.

हे रक्त लालभडक असतं, कारण तिथे बारीक धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात. शौच झाल्यावर ते टपटप पडतं, कधी धार लागते, मळाच्या वर किंवा बाजूला असतं, मळात कालवलेलं नसतं. आणि दुखत नाही. त्या भागात एक दातेरी रेषा आहे. तिच्या वरच्या अस्तराला वेदना कळत नाही, खालच्या कातडीला सुईचं टोकसुद्धा कळतं. शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखी आग होऊन मळावर रक्ताची एक रेघ येत असेल तर ती बहुधा चीर, म्हणजे फिशर. एकाएकी टणक, निळसर, ठणकणारी गाठ आली तर बाहेरच्या शिरेत रक्त गोठलेलं असतं. ‘दुखत नाही ना, मग साधंच असेल’ हा हिशेब मात्र चुकीचा आहे. गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही; तोसुद्धा रेषेच्या वरच असतो.

आता रक्त किती जातं ते पाहू, कारण इथे माणूस दोन्ही बाजूंनी फसतो. कमोडच्या पाण्यात चमचाभर रक्त पडलं तरी सगळं पांढरं भांडं लाल होतं आणि पहिल्या दिवशी घाबरगुंडी उडते. सहा महिन्यांनी तेच दृश्य सवयीचं होतं, आणि नुकसान तेव्हा सुरू असतं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, म्हणजे अडीच मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या जेवणातून शरीर शोषून घेतं ते एक ते दोन मिलिग्रॅम. रोज चमचाभर रक्त गेलं तर रोजची तूट आहेच. पुरुषाच्या शरीरात शिल्लक लोह फार तर एक ग्रॅमच्या आसपास, बाईच्या शरीरात बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर. दिवसाला एक मिलिग्रॅमची तूट धरली तरी बाईची शिल्लक वर्षाच्या आत संपते.

आणि हे इतकं सावकाश होतं की शरीर जुळवून घेत जातं. हिमोग्लोबिन सहावर आलेला माणूस चालत दवाखान्यात येतो आणि म्हणतो, जिना चढताना जरा दम लागतो, वयच झालं आता. पायाला गोळे येतात, केस गळतात, चिडचिड होते. कुणी गुपचूप पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खात असतं, कुणी बर्फ चघळत असतं. हे चोचले नव्हेत, लोह संपल्याची खूण आहे. पुरुषात १३ आणि बाईत १२ ग्रॅमच्या खालचं हिमोग्लोबिन कमी समजायचं.

बायकांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आकडा एवढा मोठा झाला की एखादीचं रक्त कमी निघालं तर कुणाला नवल वाटत नाही. पाळी विचारतात, लोहाच्या गोळ्या देतात, पुढचा नंबर. ‘संडासच्या जागेवरून रक्त जातं का?’ हा प्रश्न तिला कुणी विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही. एक शेतमजूर बाई माझ्याकडे आली होती ती पायावरच्या गळवासाठी. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आतलं कागदासारखं पांढरं. तीन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या होत्या. मी रक्ताबद्दल विचारलं तेव्हा ती आधी सासूकडे पाहत राहिली; सासू बाहेर गेल्यावर म्हणाली, ‘दुसऱ्या पोरापासून जातंय. बाईमाणसानं असलं कसं सांगायचं?’ दुसरा पोरगा सहावीत होता.

तिच्यासारख्यांची मूळव्याध नुसत्या तिखटाने होत नाही. रानात, उसाच्या फडावर, बाजारात दिवसभर आडोसा नसतो. पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर जायचं, मधली भावना दाबायची, बाहेर जावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचं. मळ आत राहून कडक होतो आणि मग कुंथावं लागतं. हिला ‘फायबर खा’ सांगणं सोपं आहे. ती ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीच खाते. तिला हवा आहे कामाच्या जागी दार लागणारा संडास. हे औषध मी चिठ्ठीवर लिहू शकत नाही, पण या सभागृहात ते मंजूर करू शकणारे काही जण बसले आहेत.

तर मग काळजी कधी करायची? रक्त काळपट आहे, मळात कालवलेलं आहे, बरोबर शेंबडासारखी आव आहे, तर ते वरून येत असण्याचा संभव जास्त. डांबरासारखा काळा, चिकट, घाण वास मारणारा मळ म्हणजे बहुधा जठरातला रक्तस्राव. तिथे मूळव्याधीचं नावही काढू नका. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण चिकट होत नाही. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लाल दिसतं, त्याला घाबरून मध्यरात्री फोन करणारे सुशिक्षित लोक मला माहीत आहेत.

रंगापेक्षाही मी बदलाकडे जास्त लक्ष देतो. वर्षानुवर्षं सकाळी एकदा जाणारा माणूस महिनाभर चारदा जातो आहे, कधी बद्धकोष्ठ कधी पातळ, वजन उतरतं आहे, सगळ्यात वाईट म्हणजे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं आणि जाऊन बसलं की नुसती आव आणि रक्त पडतं. ‘साफ होत नाही’ हे आपल्याकडचं राष्ट्रीय गाऱ्हाणं आहे, मान्य. पण जन्मभर साफ होणाऱ्याला एकाएकी साफ होईनासं झालं तर ते गाऱ्हाणं नाही, लक्षण आहे. असे रुग्ण ‘आव पडली’ म्हणून मेट्रोनिडॅझोलचे कोर्स एकामागून एक घेतात. तरुण मुलाला आठवडेच्या आठवडे रक्ताचे पातळ जुलाब होत असतील तर आतड्याला सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस, असू शकते. लहान मुलाला मूळव्याध क्वचितच होते. त्याचं रक्त बहुधा चिरेचं किंवा पॉलिपचं असतं, आणि पॉलिप काढला की प्रश्न मिटतो. दारूने लिव्हर निकामी झालेल्याच्या गुदाशयातल्या शिरा फुगून धो धो वाहू शकतात. त्यांना बाहेरून मूळव्याध म्हणणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

‘माझं वय काय, मला कॅन्सर कसा होईल?’ असं विचारतात. आपल्याकडे आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, हे खरं. पण होतो त्यांना तो बऱ्याचदा लवकरच्या वयात होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ साली अशा ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वय पन्नाशीच्या आतलं होतं. मोठ्या संस्थेकडे कठीण रुग्ण जास्त जातात हे लक्षात घेऊनही हा आकडा विसरू नये. अमेरिकेतही २०२१ साली तपासणीचं सुचवलेलं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. शिवाय मूळव्याध असली म्हणजे कर्करोगापासून सूट मिळत नाही. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, पण दोन्ही एकाच माणसात, चार बोटांच्या अंतरावर, सुखाने नांदू शकतात.

म्हणून पाहायचं. लोक याच गोष्टीला घाबरतात, तेव्हा काय होतं ते सरळ सांगतो. पडदा ओढतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, अंगावर चादर असते. बाईला तपासताना बरोबर परिचारिका हवीच, तो तुमचा हक्क आहे. हातमोजा, भरपूर जेली, तोंडाने श्वास घ्यायला सांगतात आणि एक बोट आत जातं. अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. दुखलं तर चीर असेल म्हणून डॉक्टर तिथेच थांबतो. मिनिटभराचं काम. आता यातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: साधी मूळव्याध बोटाला लागत नाही. ती इतकी मऊ असते की दाबली की नाहीशी होते. बोट घालायचं ते मूळव्याध शोधायला नव्हे, तिच्या आड दुसरं काही बसलं आहे का ते चाचपायला. आपल्याकडच्या आतड्याच्या कर्करोगांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे आणि त्यातले बरेच या एका बोटाच्या टप्प्यात असतात. मूळव्याध दिसते ती त्यानंतर, प्रॉक्टोस्कोप नावाच्या आखूड नळीतून. नळी हळूहळू बाहेर घेताना थोडं कुंथायला सांगितलं की गादी नळीत उतरते, कधी तिच्यावरचा रक्ताचा ताजा ठिपकाही दिसतो.

हे पाश्चात्त्य खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर सुश्रुतसंहिता उघडावी. अर्शाच्या चिकित्सेत सुश्रुत आधी यंत्र सांगतो: गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब, दोन छिद्रांचं, एक पाहण्यासाठी आणि एक उपचारासाठी. मग औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग, रोग पाहून निवडायचे. जुन्या ज्ञानाचा अभिमान सांगून न पाहताच पुडी देणाऱ्यांनी हा अध्याय वाचला नसावा.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच रक्त जाऊ लागलं, किंवा आधी सांगितलेल्यापैकी एखादं लक्षण आहे, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला आहे, तर मी समोर मूळव्याध दिसत असली तरी कोलोनोस्कोपी करायला सांगतो. पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तरी तेच. आदल्या दिवशी औषधाचं पाणी पिऊन फेऱ्या माराव्या लागतात, तेच काय ते जिकिरीचं. तपास गुंगीत होतो. साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि दुर्बिणीतून तो त्याच वेळी काढता येतो. एवढी सवड देणारे कर्करोग फार नाहीत.

पाहून झालं, मूळव्याधच निघाली, तर निम्मी लढाई स्वयंपाकघरात आहे. सात चाचण्यांमधल्या ३७८ रुग्णांचा एकत्र हिशेब केला तेव्हा चोथा वाढवल्याने रक्त जाण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. इसबगोल रात्री दोन चमचे, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडा घेतला तर उलट अडकतो. मैद्याच्या बिस्किटांऐवजी भाकरी, उसळ, पेरू. फरक कळायला दीड-दोन महिने जातात. आठवड्यात सोडून देणाऱ्यांना काहीच लागू पडत नाही. भावना झाली की जायचं, नाही झाली तर उठायचं. संडासात मोबाइल नेऊ नका. बॉस्टनमध्ये १२५ लोकांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली, त्यात मोबाइल घेऊन बसणाऱ्यांत मूळव्याधीचं प्रमाण जास्त दिसलं. पाहणी लहान आहे, पण पूर्वी वर्तमानपत्र निदान वाचून संपायचं. ज्यांना कमोडशिवाय गत्यंतर नाही त्यांनी पायाखाली बुटका पाट घ्यावा. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसल्याने आराम पडतो. स्टिरॉइडचं मलम आठवड्यापलीकडे लावू नका, कातडी पातळ होते.

सुरण, ताक, आमसूल, भिजवलेलं निरंजनफळ यांवर माझं भांडण नाही. खुशाल खा. भांडण आहे ते त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलण्याशी. आणि ‘तीन दिवसांत मुळापासून, बिनाऑपरेशन’ अशा पिवळ्या पाट्यांशी तर उघड वैर आहे. तिथे जळजळीत काहीतरी टोचतात. कुजलेली जागा आणि आक्रसलेलं गुदद्वार घेऊन माणसं मग सरकारी दवाखान्यात येतात.

खऱ्या उपचारांत रबर बँड मला सगळ्यात आवडतो. वेदना न कळणाऱ्या भागात मोडाच्या मुळाशी बारीक रबरी कडं बसवतात, भूल लागत नाही, माणूस घरी चालत जातो. आठवड्याभरात मोड सुकून गळतो आणि त्या दिवशी थोडं रक्त जाऊ शकतं, हे आधी सांगितलेलं बरं. पण बँडनंतर ताप आला, दुखणं वाढत गेलं, लघवी अडली तर त्याच रात्री परत यायचं. ढकलूनही आत न जाणाऱ्या मोडांना शस्त्रक्रियाच लागते. पहिले दोन आठवडे दुखतं, पण पुन्हा उद्भवण्याची शक्यता कमी. लेझर शब्दाला सध्या बाजारभाव आहे. काही रुग्णांत ते चांगलं चालतं. सगळ्यांना तेच लागतं असं सांगणाऱ्याला दुसरा पर्याय विचारून पाहा.

अँजिओप्लास्टी झालेल्यांनी रक्त दिसलं म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नये. स्टेंट बंद पडला तर त्यापुढे मूळव्याध क्षुल्लक आहे. फोन करा, विचारा. रक्त थांबेना, गाठी पडू लागल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडून घाम सुटला, तर सकाळची ओपीडी धरू नका, १०८ला फोन लावा. आणि एरवी केसपेपर काढताना ‘पोटाचा त्रास’ असं मोघम लिहू नका, तसं लिहिलं की ॲसिडिटीची गोळी मिळते. ‘संडासवाटे रक्त जातं, तपासून घ्यायचं आहे’ एवढं म्हणा. उपजिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते, तिला मशीन लागत नाही.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे. माइकवर विचारायला संकोच वाटत असेल तर कार्यकर्ते कागद फिरवतील. प्रश्न लिहा, वय लिहा, नाव नको.